हेडबाईंचं आजारपण

हेडबाईंनी सकाळचं खाणं नाकारलं तो शनिवार होता. आता शनिवार म्हणून काही वाईट घडेल, असं मानणाऱ्यांतले तांबे सर नव्हते. पोलादपुरात भूगोल शिकवता शिकवता त्यांनी अंधश्रद्धेवर इतकी व्याख्यानं दिली होती, की गावातली मांजरंसुद्धा त्यांना आडवी जायला कचरतात, असं शिक्षकांच्या खोलीत म्हटलं जायचं. तेव्हा शनिवारचा काही दोष नव्हता. हेडबाईंना भूक नव्हती, इतकंच.

हेडबाई म्हणजे मासा. बोटभर लांब, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. जोडीला शिपाई, म्हणजे तसाच पण निम्म्या अंगाचा दुसरा मासा. नावं सरांनीच ठेवली होती. कारण मोठी मादी दिवसभर टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायची, धाकट्याला उगाचच कोपऱ्यात पिटाळायची आणि खाणं पडलं की पहिला घास स्वतः घ्यायची. सरांनी आयुष्यात तीन हेडबाईंच्या हाताखाली काम केलं होतं. त्यांना ओळख पटायला वेळ लागला नाही.

टाकी खाऱ्या पाण्याची होती, आणि पोलादपुरात हे कुणाच्या पचनी पडत नसे. एका अंगाला आंबेनळीचा घाट, दुसऱ्या अंगाला हमरस्ता, समुद्र बघायचा म्हटलं तर दिवस मोडायचा. अशा गावात एका निवृत्त मास्तराच्या बाहेरच्या खोलीत समुद्र भरून ठेवलेला. टाकी त्यांच्या मुलीची, दीप्तीची. सरांच्या पत्नी, ललिताताई, गेल्यानंतर घरात जी शांतता पसरली ती बापलेकींपैकी कुणालाच पेलेना. तेव्हा एके दिवशी दीप्तीनं पुण्याहून ही काचेची पेटी, दगड, पंप आणि ते दोन मासे आणले. का, ते तिनं सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. त्या घरात विचारायचं काम ललिताताईंचं असे.

मग बँकेनं दीप्तीला बढती दिली आणि नागपूरला पाठवलं. समुद्र काही नागपूरला नेता येईना. तो वडिलांच्या हवाली झाला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येई. पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बाबा, बाई जेवली का?" मग शिपाई काय करतो, पाणी किती उतरलं, दगडावर शेवाळ आलंय का. बोलणं छान लांबत जाई. सरांनी एकदोनदा माशांखेरीज बोलून पाहिलं होतं. "जेवलीस का?" "हो." "पाऊस आहे का?" "आहे थोडा." पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना, तेव्हा दोघंही घाईघाईनं माशांकडे वळले होते.

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी दीप्तीनं विचारलं, "बाई जेवली का?", तेव्हा सर म्हणाले, "जेवली की."

रविवारी हेडबाईंच्या अंगावर पांढरं काहीतरी दिसायला लागलं आणि कल्ले भराभर हलायला लागले. सरांनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, वाचायचं भिंग आणून पाहिलं. मग शेजारच्या काशीराम सकपाळांना हाक मारली.

काशीरामराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात आंबेनळीच्या वळणांवर गेलेली, त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड त्यांना गाडीच्या भाषेतच कळे. ते टाकीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले.

"सर, गाडी गरम झालीय," ते म्हणाले. "बगा कशी धापा टाकते. घाट चढताना होतं आसं. पानी बदला."

निदान म्हणून हे अगदीच टाकाऊ नव्हतं. पण पाणी बदलायला मीठ लागतं, आणि ते घरातलं मीठ चालत नाही. समुद्राचं म्हणून वेगळं मिळतं, ते दीप्ती मागवायची. डब्यातलं मीठ तळाला गेलं होतं. नवीन खोकं मागवून झालं होतं आणि ते महाडपर्यंत येऊन थांबलं होतं. कुरिअरवाला रोज फोनवर सांगायचा की पोलादपूरची गाडी भरली की येतो. एकदा त्यानं कुतूहलानं विचारलंही, "सर, खोक्यावर मीठ लिवलंय. तुमच्याकडं दुकानात मीठ मिळत नाय काय?"

"मंग दासगावला जाऊ," काशीरामराव म्हणाले. "खाडी हाय. खारं पानी फुकट."

खरं तर इथे सरांनी थांबायला हवं होतं. पण आजाऱ्यासाठी काहीतरी करतोय असं वाटणं हेही एक औषधच असतं, आणि ते आधी माणसाला लागू पडतं. दुसऱ्या दिवशी दोघं दोन मोठे कॅन घेऊन एसटीनं महाड ओलांडून दासगावला गेले, चिखलातून खाडीपर्यंत उतरले, कॅन भरले आणि परत निघाले. काशीरामराव खात्याचा माणूस म्हणून ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांनी आजाराची हकिगत अख्ख्या गाडीला ऐकवली. कंडक्टरनं कॅनला पाय लावून विचारलं, "ह्याच्यात काय?"

"पाणी," सर म्हणाले.

"दासगावातनं पोलादपूरला पाणी? का, तुमची सावित्री आटली काय?"

गाडी हसली. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी अर्ध्या तालुक्याला शिकवलं होतं, आणि गाडीतल्या निदान चार माणसांच्या प्रगतिपुस्तकांवर त्यांची सही होती.

घरी येऊन त्यांनी कॅनमध्ये मीठ मोजायची, खाऱ्या पाण्यात तरंगणारी नळी सोडली. नळी तळाला गेली. त्यांनी ती पुसली, पुन्हा सोडली, ती पुन्हा तळाला गेली. मग त्यांनी बोट बुडवून चाखलं. पाणी गोड होतं. भाद्रपदाचा महिना, वर डोंगरात पावसाचा जोर, आणि त्यात ओहोटी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत खाडीला मिळते आणि पावसाळ्यात खाडीचं पाणी खूप लांबपर्यंत गोडं होतं, हे त्यांनी खडूनं फळ्यावर काढून पिढ्यान् पिढ्या शिकवलं होतं. आता त्यांच्या ध्यानात आलं, की घरामागून वाहून गेलेली नदी आपण एसटीनं जाऊन परत घेऊन आलो.

काशीरामरावांनी समजूत घातली. "आसू द्या सर. पानी आपलंच निघालं."

सरांनी ते पाणी जास्वंदीला घातलं. त्या संध्याकाळी दीप्ती म्हणाली, "बाबा, फोटो पाठवा ना बाईचा. बघितलंच नाही किती दिवसात." सर म्हणाले नेट नीट नाही. मग त्यांना वाटलं की एवढं तोडणं बरं दिसत नाही. त्यांनी फोनमधला एक जुना फोटो शोधला, त्यात हेडबाई अगदी तजेलदार दिसत होत्या, आणि तो पाठवून दिला. दीप्तीचं उत्तर आलं, "छान." एवढंच. सरांना हायसं वाटलं, आणि मग बरंच वाईट वाटलं.

मुलीला खरं का सांगत नाहीत, असं काशीरामरावांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ती नवीन जागी आहे, एकटी आहे, उगाच घोर कशाला. हे खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक खरं होतं, आणि ते त्यांनी स्वतःशीसुद्धा अर्धवटच उच्चारलं होतं. मासा गेला, तर मुलगी फोन करून काय विचारील?

मंगळवारपासून उपायांना जोर आला. मोबाईलवर एका गृहस्थांनी हिंदीत ठासून सांगितलं की पांढरे ठिपके म्हणजे कीड, पाणी गरम करा, कीड मरते. सरांनी टाकीतला हीटर चढवला. मासे जिथून आणले त्या पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, लसूण द्या. सरांनी लसूण ठेचून त्याच्या रसात खाणं भिजवलं. ते शिपायानं खाल्लं, आणि खोलीला दोन दिवस फोडणीचा वास येत राहिला. हेडबाई पंपाच्या मागे, पाणी जिथं जोरानं पडतं तिथं, एकाच जागी तरंगत राहिल्या. शिपाई अधूनमधून जवळ जायचा आणि कुणी पिटाळत नाही हे पाहून गोंधळून परत यायचा.

बुधवारी दुपारी काशीरामरावांच्या पत्नी बनुबाई आल्या. पदरात काहीतरी झाकलेलं होतं.

"गुरुजी, तुमी मानत नाय ते म्हाईत हाय मला," त्या दारातच म्हणाल्या. "पन माझ्या जिवाला वाटतंय, दिष्ट लागली. यवढी रंगाची हाय ती. येनारा जानारा बगतो."

मुठीत मीठ आणि मोहऱ्या होत्या. समुद्रातल्या माशावरून मीठ ओवाळायचं, यातला विनोद सरांना दिसला, पण तो सांगायला माणूस नव्हता. असे विनोद ललिताताईंना सांगायचे असत. त्या हसत नसत, नुसतं "पुरे" म्हणत, आणि त्या पुरेमध्येच सगळं असे.

सर उठले आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. मागे बनुबाई पुटपुटत होत्या. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या एकामागून एक जात होत्या आणि सर त्यांच्याकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होते, जणू त्यांना हे काम कुणी नेमून दिलं होतं. झाल्यावर बनुबाई म्हणाल्या, "झालं." सर वळले आणि म्हणाले, "चहा घेता का?" काय झालं, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे मानायचा प्रश्न उद्भवला नाही.

गुरुवारी हेडबाईंची कातडी सुटल्यासारखी दिसायला लागली. सरांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला, मोबाईलवर माशाचा व्हिडिओ काढला आणि महाडची गाडी पकडली. आता शास्त्राकडे जायचं ठरलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "जनावर?"

"मासा."

मान वर आली. "विकायचाय?"

"आजारी आहे."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं मनापासून प्रयत्न केला. नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते, त्यांत मासा बसेना. इतरमध्ये घालू म्हणाला, तर पुढे कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारलेला. "कान आहेत का?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "बाहेरून दिसत नाहीत." मागे एक बाई शेळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आवो, कालवन करा न् सोडा." शेळीसुद्धा सरांकडे दयेनं बघत असल्याचा त्यांना भास झाला.

आतून डॉक्टर बाहेर आले आणि सरांना पाहून ताठ उभे राहिले. हर्षद महाडिक. सरांचा विद्यार्थी. दहावीच्या नकाशात त्यानं लक्षद्वीप बंगालच्या उपसागरात टाकलं होतं, आणि सरांनी ते वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. आता त्यानं सरांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि व्हिडिओ दोनदा पाहिला.

"सर, खोटं सांगत नाही," तो म्हणाला. "मी गाईम्हशींचा डॉक्टर. ह्यातलं मला काही कळत नाही. मत्स्य खात्यात माझा एक ओळखीचा आहे, त्याला विचारतो."

त्यानं फोन लावून सरांच्या हातात दिला. पलीकडून प्रश्न आला, "शेततळं की नदीतले पिंजरे?" सर म्हणाले, "काचेची टाकी." "किती गुंठ्यांत?" "टेबलावर." मग पलीकडचा आवाज सहानुभूतीनं म्हणाला, "साहेब, आमच्याकडे मासा वाढवायची योजना आहे. वाचवायची नाही."

हर्षदला स्वतःचीच लाज वाटल्यासारखी झाली. तो म्हणाला, "सर, कॉलेजात सेजल मॅडम आहेत, प्राणिशास्त्राच्या. त्यांना जाऊन भेटा. मी सांगून ठेवतो."

प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती आणि तिच्या वरच्या फळ्यांवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. बरण्यांत साप, खेकडे, बेडूक आणि मासे, सगळे पिवळट पाण्यात उभे. सेजल मॅडम तरुण होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला देण्याआधी प्रश्न विचारला.

"सर, तो पांढरेपणा कसा आहे? मीठ सांडल्यासारखे दाणे आहेत, की दुधावर साय धरते तसा थर?"

सरांनी डोळे मिटून आठवलं. "साय," ते म्हणाले.

"मग ते ठिपक्यांचं दुखणं नाही. हे वेगळं, आणि ह्या जातीच्या माशांत हे फार भराभर वाढतं. पाणी गरम केलंत का?"

"केलं."

"ह्याला त्याचा उपयोग नसतो. तापलेल्या पाण्यात श्वास घ्यायला उलट जड जातं त्यांना."

त्या हे काही दोष देऊन बोलल्या नाहीत. पण सरांनी मान खाली घातली. दोन दिवस हेडबाई धापा टाकत होत्या आणि ते हीटरचा काटा चढवत होते.

औषध एकच होतं, फॉर्मॅलिन. वेगळ्या बादलीत पाण्यात थेंब मोजून घालायचे, मासा थोडा वेळ त्यात ठेवायचा आणि मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात काढायचा. दोन्ही माशांना द्यायचं. सरांनी बाटलीकडे पाहिलं, मग फळीवरच्या बरण्यांकडे.

"ह्यांना ज्यात ठेवलंय तेच का?"

"तेच," सेजल मॅडम म्हणाल्या. "अगदी थोडं असलं तर औषध."

पण बाटली कॉलेजबाहेर द्यायची तर प्राचार्यांची परवानगी हवी होती, प्राचार्य रजेवर होते, आणि त्यांच्या जागी बसलेले गृहस्थ मीटिंगमध्ये होते. सर बाकावर बसले. समोरून मुलं येत-जात होती. त्यांनी आयुष्यभर मुलांना हेडबाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं होतं. त्या बाकावरून जग कसं दिसतं, हे त्यांना आज कळत होतं. मीटिंग संपेना. त्यांनी दोनदा उठून दाराच्या फटीतून पाहिलं, दोनदा कॉलेजच्या शिपायानं त्यांना बसायला सांगितलं. शेवटी सेजल मॅडम आत गेल्या, काय बोलल्या कोण जाणे, आणि सही घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून दिली आणि कसं काय करायचं ते पुन्हा एकदा नीट सांगितलं.

"सर, उशीर झालाय थोडा," त्या म्हणाल्या. "पण करून बघा."

हे वाक्य सरांनी पूर्वी एकदा ऐकलं होतं. एका मोठ्या हॉस्पिटलात, ललिताताईंचे रिपोर्ट टेबलावर असताना. तिथल्या डॉक्टरांचा आवाजही असाच मऊ होता.

वाटेत त्यांनी, हे सोमवारीच का सुचलं नाही असं मनाशी म्हणत, कुरिअरच्या ऑफिसातून मिठाचं खोकं उचललं आणि ते मांडीवर घेऊन एसटीत बसले. या वेळी गाडीत कुणी काही विचारलं नाही. एवढा म्हातारा माणूस खोकं छातीशी धरून बसलाय म्हटल्यावर लोकांना वाटलं असेल, काही मौल्यवान आहे.

घरी पोचले तेव्हा हेडबाई जिवंत होत्या. आडव्या पडल्या होत्या, पण कल्ले हलत होते. काशीरामरावांनी बादल्या धुतल्या, सरांनी मीठ कालवलं, नळी सोडून पाहिली, पाणी टाकीइतकं कोमट केलं. थेंब मोजताना काशीरामरावांनी खालून त्यांचं मनगट धरलं. घाटात गाडी उभी राहिली तर चाकाखाली दगड लावतात, तसं.

जाळीनं हेडबाईंना उचललं. एरवी जाळी पाहिली की टाकीभर धुमाकूळ घालणारी ती बाई, आता पानासारखी आली. बादलीत सोडल्यावर ती सरळ झाली. खरोखर सरळ झाली, आणि एक फेरी मारली. काशीरामराव म्हणाले, "उचलली बगा गाडी." सरांची नजर फेरीवरून हलेना.

दुसरी फेरी अर्ध्यावर राहिली.

सर बराच वेळ बादलीत बघत राहिले. मग काशीरामरावांनी हळूच त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "सर, धाकट्याला पन द्यायचंय ना?" तेव्हा सर उठले. दुसरी बादली भरली, थेंब मोजले, शिपायाला पकडलं. त्याला पकडायला पुष्कळ त्रास झाला. तो जोरात होता. औषध झाल्यावर त्याला स्वच्छ पाण्याच्या टबात सोडलं आणि पंपाची नळी त्यात टाकली. मोठी टाकी रिकामी झाली. तिचा दिवा मात्र चालू राहिला, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

हेडबाईंना त्यांनी जास्वंदीखाली पुरलं. काशीरामरावांनी टोपी काढली.

संध्याकाळी बनुबाई ताट झाकून घेऊन आल्या. दारापर्यंत आल्या, थांबल्या, आणि तशाच मागे फिरल्या. सरांना कळेना. थोड्या वेळानं त्या पुन्हा आल्या, या वेळी दुसरं ताट घेऊन.

"सुकट केली व्हती," त्या खाली बघत म्हणाल्या. "आज तुमच्याकडं सुकट कशी आनू गुरुजी? पिटलं केलं मंग. खावा."

ताट ठेवून त्या गेल्या. सर हसणार होते. तोंड हसण्यासारखं झालंही, आणि मग त्याचं भलतंच काहीतरी झालं. ते खुर्चीत बसले, आणि ललिताताई गेल्यानंतर पहिल्यांदाच, चष्मा न काढता रडले.

फोन वाजला तेव्हा त्यांनी तो लगेच उचलला नाही. पाणी प्यायले, चष्मा पुसला, मग उचलला.

"बाबा, बाई जेवली का?"

"दीप्ती," सर म्हणाले, "बाई गेली."

असं वाक्य त्यांना आजवर कधी बोलावंच लागलं नव्हतं. ललिताताईंच्या वेळी ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून राहिले होते, आणि सगळ्या नातेवाइकांना, शाळेला, बुद्धविहारातल्या मंडळींना, एकेकाला फोन करून दीप्तीनं सांगितलं होतं. आवाज न चढवता, न मोडता. तेव्हा सगळे म्हणाले होते, पोरगी घट्ट आहे. सरांनाही तसंच वाटलं होतं.

पलीकडून एक बारीक आवाज आला. सरांना वाटलं लाईन खराब आहे. मग त्यांना कळलं की ती रडतेय, आणि एका माशासाठी इतकं कुणी रडत नाही, हेही कळलं. शाळेत कुणी रडलं की ते म्हणायचे, "पुसा डोळे, मोठे झालात." ते त्यांच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि फोन कानाला धरून नुसते बसून राहिले.

थोड्या वेळानं दीप्ती म्हणाली, "मला माहीत होतं आजारी आहे ते."

"कसं?"

"तुम्ही पाठवलेला फोटो मीच काढलाय बाबा. गेल्या दिवाळीत. मागे पणती दिसतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगाल म्हणून थांबले. रोज थांबले. आईनंपण असंच केलं ना. बरी आहे, बरी आहे म्हणत राहिली." तिनं नाक ओढलं. "मला वाटलं, आपल्या घरात निदान आता तरी कुणी सांगेल."

सरांनी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं. न खाल्लेलं खाणं, दासगावची खाडी, लसूण, बनुबाईंच्या मोहऱ्या, चढवलेला हीटर. हीटरपाशी ते अडखळले, पण तेही सांगितलं. कानाच्या बिल्ल्यापाशी दीप्ती रडता रडता हसली. "कान आहेत का म्हणाला?" तिनं विचारलं, आणि सरांनी तो भाग पुन्हा एकदा, थोडा रंगवून सांगितला.

"शिपाई कसा आहे?"

"टबात आहे. फिरतोय. पण बावचळलाय. कुणी पिटाळत नाही त्याला."

"बाबा, तुम्हाला एक माहीत आहे?" दीप्ती म्हणाली. "ह्या जातीत मोठी मादी गेली ना, की मागे राहिलेला नर हळूहळू स्वतःच मादी होतो. अंगानं वाढतो, वागणंपण बदलतं. खरंच."

सरांनी टबाकडे पाहिलं. "ह्याला जमेल असं वाटत नाही."

"लगेच नाही जमत. वेळ लागतो."

माशांबद्दलचं बोलणं आता संपलं होतं, हे सरांच्या ध्यानात आलं. फोन ठेवायची वेळ झाली होती. त्यांनी शब्द शोधले, पण पाऊस आहे का यापलीकडे काही सापडेना. पलीकडे नागपुरात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"आणि तुम्ही?" दीप्तीनं विचारलं. "तुम्ही जेवलात का?"

तांबे सरांनी जन्मभर छापील मराठी बोलून दाखवली होती, घरातसुद्धा. आता थकव्यानं म्हणा, कशानं म्हणा, त्यांच्या तोंडून त्यांच्या आईची भाषा निघाली.

"नाय गो. भूक नाय लागली कालपासून."

"काय आहे घरात?"

"बनुबाईंनी पिठलं दिलंय."

"मग ताट घ्या. मीपण वाढून घेते. फोन चालू राहू दे."

सरांनी फोन टबाच्या कडेला टेकवून उभा केला, खुर्ची पुढे ओढली आणि ताटावरची ताटली काढली.

"घेतलं," ते म्हणाले.

"हं," दीप्ती म्हणाली. "मीपण."